बाबांच्या डोळ्यात नळी बसवायची आहे : काचबिंदूचं इम्प्लांट, अनुभव हवेत

कोयनाकाठ | ३ जून, रात्री १०:४०

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा, वय ६८, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त. वेल्डिंगमुळे डोळे कायम लाल. कुणीतरी एकदा मेडिकलमधून 'लालीचे ड्रॉप' आणून दिले, त्यांनी बरं वाटलं, मग बाबा वर्षानुवर्षं तेच आणून घालत राहिले. ते स्टिरॉइडचे होते हे आम्हाला फार उशिरा कळलं. उजव्या डोळ्याला आता समोर हात हलला एवढंच कळतं. डाव्याचं चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायला वाट करून देतात ते. अडीच वर्षं छान चाललं, मग आतून जखम भरून आली आणि केलेली वाट बुजली. आता चार प्रकारचे ड्रॉप आणि दाब उतरवायच्या डायमॉक्सच्या गोळ्या चालू असूनही डोळ्यातला दाब ३२ (मिलिमीटर पारा).

डॉक्टर म्हणतात आता नळी बसवायची. दोन प्रकार सांगितले. एक व्हॉल्व्हवाली, बाहेरून येणारी, महाग. दुसरी बिनव्हॉल्व्हची, 'आदी' नावाची, भारतात बनणारी, त्या मानाने खूपच स्वस्त. त्यांचा कल दुसरीकडे आहे. माझा भाऊ म्हणतो, एकच डोळा उरलाय, त्यात स्वस्तातलं कशाला? डॉक्टरांसमोर बसले की मला एकही प्रश्न सुचत नाही आणि बाहेर रिक्षात बसलं की दहा सुचतात.

बाबांचा प्रश्न वेगळाच आहे. "रेडिएटरला ओव्हरफ्लोची नळी असते तशी का?" मी हो म्हटलं. बरोबर आहे का?

चहाबाज | ३ जून, रात्री ११:०५

अनुभव नाही, पण काळजी घ्या काकांची. धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.

सह्याद्रीवेडा | ४ जून, सकाळी ६:१५

ताई, मी स्वतः नळीधारक. सहा वर्षं झाली, डावा डोळा, व्हॉल्व्हवाली. बाहेरून काहीही दिसत नाही. वरची पापणी उचलून खाली बघितलं की वरच्या कोपऱ्यात पांढरट उंचवटा दिसतो, बस. नातवंडांना दाखवायचा माझा आवडता खेळ. विमानतळावर शिट्टी वाजत नाही, कारण त्यात धातूच नाही. पहिले दोन महिने मात्र वाळूचा खडा गेल्यासारखं टोचत राहतं. ते टाक्यांचं असतं, नळीचं नव्हे. मला हे आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आणि बाबांना एक गोष्ट आत्ताच स्पष्ट सांगा : दिसायला लागणार नाही. मोतीबिंदूवाले शेजारी "पट्टी काढली आणि लख्ख दिसलं" म्हणून सांगत येतील, ते ऐकून बाबा तीच आशा धरून बसतील. माझं तसंच झालं होतं. पट्टी काढल्यावर आधीपेक्षा धूसर दिसलं आणि मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

नेत्रपल्लवी | ४ जून, दुपारी २:२०

मी नेत्रतज्ज्ञ आहे, पण धाग्यावर डोळा तपासता येत नाही. तेव्हा हे फक्त समजण्यापुरतं. निर्णय तुमच्या सर्जनचाच.

बाबांची उपमा चांगली आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक स्वच्छ पाणी तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत, आतलं पाणी. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर. म्हणजे ड्रॉपच्या बाटलीतून पडतो तेवढा एक थेंब भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हे पाणी बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपून रक्तात जातं. जाळी तुंबली की दाब वाढतो आणि मागची नस दबून सुकत जाते. स्टिरॉइडने काही जणांची ही जाळीच तुंबते, दुखत नाही, लाली तर उलट कमी होते, म्हणून कळतच नाही. तुमच्या बाबांचं हेच झालेलं दिसतं.

ट्रॅबेक्युलेक्टमीत आम्ही डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत एक झडप कापून वाट करतो. शरीराच्या दृष्टीने ती जखमच, आणि जखम भरून काढणं हा शरीराचा धर्म. त्यामुळे काही डोळ्यांत वाट बुजते. इम्प्लांटमध्ये सिलिकॉनची नळी पुढच्या कप्प्यात शिरवतात आणि तिचं दुसरं टोक मागे, बुबुळाच्या कडेपासून आठ-दहा मिलिमीटरवर, डोळ्याच्या भिंतीला शिवलेल्या एका पसरट तबकडीत उघडतं. शरीर तबकडीभोवतीही पापुद्रा धरतंच. पण इथे तो हवाच असतो, कारण पाणी त्याच पापुद्र्यातून हळूहळू झिरपतं.

आता भावाचा प्रश्न. 'आदी' मदुराईच्या ऑरोलॅबची. १९९२ मध्ये अरविंद नेत्र रुग्णालयाच्या लोकांनी मोतीबिंदूची भिंगं स्वस्तात बनवण्यासाठी काढलेली ही संस्था. २०१३ पासून ती हे इम्प्लांट बनवते. त्याचा आराखडा बेअरव्हेल्ट नावाच्या परदेशी इम्प्लांटवर बेतलेला आहे, तबकडीचं क्षेत्रफळही तेवढंच, ३५० चौरस मिलिमीटर. व्हॉल्व्हवाल्या अहमद इम्प्लांटची नेहमीची तबकडी १८४ ची. दोन्हींचं काम करण्याचं तंत्र वेगळं, आणि 'आदी' इथेच बनते म्हणून स्वस्त. स्वस्त म्हणजे दुय्यम असं इथे नाही.

पाना_पक्कड | ४ जून, रात्री ९:५०

बाबांना माझा दंडवत. मी चाकणला पंप आणि व्हॉल्व्हच्या कंपनीत आहे, डोळ्यातलं काही कळत नाही, पण हे वाचून कागद-पेन घेऊन बसलो.

नळीचा आतला व्यास ०.३ मिमी असतो असं दिसतं. लांबी साधारण १ सेंटिमीटर धरली, प्रवाह डॉक्टरांनी दिलेला. प्वाझय यांचं सूत्र (बारीक नळीतला प्रवाह आणि दाब यांचं गणित) लावलं तर या नळीच्या दोन टोकांत दाबाचा फरक येतो एक शतांश मिलिमीटर पारा! म्हणजे काहीच नाही. दाब ३२ असलेल्या डोळ्यात ही नळी नुसती उघडी टाकली तर टायरला खिळा लागल्यासारखं होईल. मग दाब नेमका किती खाली थांबायचा हे ठरवतं कोण? डॉक्टर म्हणतात तो मागचा पापुद्रा. पण तो तर ऑपरेशनच्या दिवशी तयारच नसतो ना?

नेत्रपल्लवी | ५ जून, सकाळी ७:३०

पाना_पक्कड, तुम्ही नेमकं तिथे बोट ठेवलंत जिथे या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास अडकला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांनी डोळ्यातून घोड्याचा केस आरपार ठेवून पाहिला, मग रेशमाचा धागा. कडेकडेने पाणी झिरपावं ही कल्पना. काही काळ चालायचं, मग बुजायचं किंवा जंतू आत जायचे. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अँथनी मोल्टेनो यांनी नळीला तबकडी जोडली आणि पुढे ती तबकडी मागे नेली. तिथून आजची इम्प्लांट सुरू झाली. पण पहिल्या दिवशी डोळा पंक्चर होण्याचा प्रश्न राहिलाच.

त्यावर दोन उत्तरं निघाली. एक अहमद यांचं, १९९३ : तबकडीत सिलिकॉनचे दोन पातळ पडदे ताणून बसवायचे, दाब साधारण ८ ते १२ च्या वर गेला तरच ते उघडतात. ते एकमेकांना चिकटलेले येतात, म्हणून बसवण्याआधी सिरिंजने सलाइन मारून उघडावे लागतात. बारीक धार दुसऱ्या बाजूने आलेली दिसली की मगच ते डोळ्याजवळ न्यायचं. दुसरं उत्तर एकदम देशी वाटावं असं : नळी दोऱ्याने घट्ट बांधून टाकायची! विरघळणारा दोरा. तो पाच-सहा आठवड्यांनी सुटतो, तोवर तबकडीभोवती पापुद्रा तयार झालेला असतो. 'आदी'त हेच करतात.

पाना_पक्कड | ५ जून, सकाळी ९:१०

रेडिएटरचं झाकण आणि दोऱ्याने बांधलेला बायपास! ताई, बाबांना सांगा, ते एका मिनिटात समजतील. (हल्ली त्या ४५ मायक्रॉनच्या जेलच्या नळ्या निघाल्यात त्यांचं गणितही कळलं. बोअर साडेसहापट बारीक केला की अडथळा जवळजवळ दोन हजार पट होतो, म्हणजे तिथे नळीच झाकणाचं काम करते. वा.)

तिरकस तात्या | ५ जून, सकाळी ११:४०

एवढ्या वर्षांत डोळ्यांना देशी गाईचं तूप, त्रिफळ्याचं पाणी आणि अनुलोम-विलोम यांनी काही झालं नाही आणि आता नळ्या, झडपा, दोरे. ऑपरेशनची घाई करू नका एवढंच म्हणेन. आमच्या चुलत्यांचा दाब एका वैद्यांनी उतरवला होता.

नेत्रपल्लवी | ५ जून, दुपारी १:००

तात्या, कोणत्या डोळ्यात किती होता आणि किती झाला, मोजला कुणी? एका डोळ्याच्या माणसाला दाब ३२ असताना 'घाई करू नका' म्हणणं मला तरी जमणार नाही. नस एकदा सुकली की परत येत नाही.

सह्याद्रीवेडा | ५ जून, दुपारी १:२०

तात्या, तूप पोळीवर घ्या.

लेकुरवाळी | ५ जून, रात्री ११:३०

मुलं झोपली, आता लिहिते. माझ्या मुलाला जन्मतः काचबिंदू. बारशाला सगळ्या बायका म्हणत होत्या, "काय गं टपोरे डोळे, हरणासारखे!" मीही सुखावले होते. दाबामुळे बाळाचा डोळा फुग्यासारखा मोठा होतो, हे मला तेव्हा कुठे माहीत! उजेडात गेलं की तोंड लपवायचा, सतत पाणी यायचं. तिसऱ्या महिन्यात कळलं. दोन ऑपरेशन्स झाली, तिसऱ्या वर्षी इम्प्लांट.

तुम्हाला उपयोगी म्हणून सांगते. नळी जिथे डोळ्यात शिरते तिथे वरचा पापुद्रा फार पातळ असतो. पापणी दिवसभर त्यावर घासते. म्हणून नळीवर एक ठिगळ लावतात, नेत्रपेढीतून आलेल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाचं. आमच्या लेकाने डोळे चोळचोळून ठिगळ झिजवलं आणि नळी उघडी पडली. ते दिसलं मला, डॉक्टरांना नव्हे. रोज रात्री तो झोपल्यावर टॉर्च घेऊन पापणी उचलून बघायची सवय लावली होती. एके दिवशी लालसर पापुद्र्यात एक काचेसारखी चकचकीत रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी पहाटेची बस पकडली. जंतू आत जायच्या आधी परत ठिगळ लागलं.

तुमचे बाबा डोळे चोळतात का? चोळत असतील तर रात्री झोपताना प्लास्टिकची वाटी लावायलाच हवी, महिनाभर नव्हे, कायम.

कोयनाकाठ | ६ जून, सकाळी ८:००

सगळ्यांचे खूप आभार. लेकुरवाळी, वाचून अंगावर काटा आला.

बाबांना बांधलेल्या दोऱ्याचं सांगितलं. म्हणाले, "दोरा आधीच सुटला तर? आणि सुटलाच नाही तर?" हे दोन प्रश्न डायरीत लिहून ठेवलेत, उद्या डॉक्टरांना विचारते. आणि ठिगळाचं सांगितल्यावर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुणाच्या तरी डोळ्याचा तुकडा माझ्या डोळ्यात." संध्याकाळी आईला विचारत होते, नेत्रदानाचा फॉर्म कुठे मिळतो.

ओटागोकर | ६ जून, दुपारी ३:१५ (इथे रात्र)

मोल्टेनोंचं नाव वाचून हजेरी लावतो. ते पुढे न्यूझीलंडला आमच्या डनिडीनमध्ये येऊन ओटागो विद्यापीठात प्राध्यापक झाले. मी त्याच विद्यापीठात हिशेबाच्या खात्यात. नेत्रविभागाशी माझा संबंध एवढाच की त्यांची बिलं माझ्या टेबलावरून जातात. काकांना शुभेच्छा.

कोयनाकाठ | ८ जून, संध्याकाळी ७:००

डॉक्टरांशी बोलले, या वेळी डायरी उघडून. त्यांचं म्हणणं असं : बाबांची नस इतकी सुकली आहे की दाब १८ वर आला तरी पुरणार नाही, त्याखाली हवा. मोठ्या तबकडीने तो जास्त खाली जातो. दोरा सुटेपर्यंत ड्रॉप आणि डायमॉक्स चालू ठेवून वेळ काढता येईल. फारच वाढू नये म्हणून नळीला सुईने बारीक छेद देऊन ठेवणार आहेत, त्यातून थोडं झिरपेल. आणि दोरा वेळेवर सुटला नाहीच तर लेझरने कापता येतो. भाऊही आता तयार झाला. १९ तारीख मिळाली आहे.

नेत्रपल्लवी | ८ जून, रात्री १०:१०

त्यांचा विचार योग्य वाटतो. अहमद आणि बेअरव्हेल्टची समोरासमोर तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, मिळून ५१४ रुग्ण. पाच वर्षांनी सरासरी दाब अहमदमध्ये १५.८ आणि बेअरव्हेल्टमध्ये १३.२ होता. पण दाब जास्तच उतरून डोळा मऊ पडण्याचा धोकाही बेअरव्हेल्टमध्ये अधिक दिसला. देणं-घेणं आहे. आणि आधी ट्रॅबेक्युलेक्टमी किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांत पुन्हा ट्रॅब करावं की नळी, यावरही अमेरिकेतली चाचणी आहे : पाच वर्षांत नळीचं अपयश २९.८ टक्के, ट्रॅबचं ४६.९. म्हणजे नळीही दहातल्या तिघांना दगा देते. हे आकडे घाबरवायला नाही, ऑपरेशननंतरही तपासण्या चुकवू नयेत म्हणून दिले.

खर्चाचं : सरकारी योजनेत बसतं का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. भरती झाल्यावर नको.

कोयनाकाठ | २० जून, दुपारी १२:३०

झालं काल. इंजेक्शनची भूल, सव्वा तास. बाबा म्हणतात आत टाका ओढल्याचं कळत होतं पण दुखत नव्हतं, आणि डॉक्टर मध्येच नर्सला कांद्याचे भाव विचारत होते. आज पट्टी काढली, धूसर आहे. सह्याद्रीवेडा काकांचं वाक्य मी आधीच दहा वेळा सांगून ठेवल्यामुळे बाबा शांत आहेत.

कोयनाकाठ | १० जुलै, रात्री ९:२०

आज एकविसावा दिवस. दाब ३४!! ऑपरेशनआधी ३२ होता. मग कशासाठी केलं हे सगळं? मोठे डॉक्टर बाहेरगावी, ज्या शिकाऊ डॉक्टरांनी तपासलं ते म्हणाले "चालतं, ड्रॉप घाला" आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. एस.टी.त अख्खा रस्ता बाबा खिडकीबाहेर बघत होते. भाऊ फोनवर म्हणाला, बघ, स्वस्तातलं घेतलंत. मला रडायलाही येत नाहीये.

लेकुरवाळी | १० जुलै, रात्री ९:३५

अगं थांब. नळी अजून बांधलेली आहे ना! ती उघडलेलीच नाही. आज जो दाब आहे तो जुन्याच डोळ्याचा आहे.

नेत्रपल्लवी | १० जुलै, रात्री १०:१५

लेकुरवाळी बरोबर सांगतायत. तीन आठवड्यांना नळी बंद असणं हेच अपेक्षित आहे.

पण एक गोष्ट ध्यानात आली. ऑपरेशननंतर सूज उतरायला स्टिरॉइडचे ड्रॉप देतात. बाबांचा काचबिंदू मुळात स्टिरॉइडनेच झालेला. तेच ड्रॉप आत्ताही दाब वर ढकलत असू शकतात. स्वतःहून बंद करू नका, आत्ता सूज वाढली तर पापुद्रा जाड होऊन सगळंच फुकट जाईल. पण उद्या सकाळी हॉस्पिटलला फोन करून एवढंच विचारा : "पेशंटला स्टिरॉइडने दाब वाढायची प्रवृत्ती आहे, ड्रॉप सौम्य करायचे का?" हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा. आणि डायमॉक्स सकाळ-संध्याकाळ खरंच घेतायत का बघा.

कोयनाकाठ | ११ जुलै, दुपारी ४:००

फोन केला, वाक्य वाचून दाखवलं. फोनवर शांतता. मग "थांबा, फाइल बघतो." अर्ध्या तासाने मोठ्या डॉक्टरांचाच फोन आला, ड्रॉप बदलले.

आणि डायमॉक्स. बाबा चार दिवसांपासून घेतच नव्हते! हातापायाला मुंग्या येतात आणि चहा बेचव लागतो म्हणून गोळ्या शर्टाच्या खिशात साठवत होते. आईने शर्ट धुवायला घेतला तेव्हा सापडल्या.

सह्याद्रीवेडा | ११ जुलै, संध्याकाळी ५:३०

मीही हेच केलं होतं. मुंग्या येतात म्हणजे गोळी कामाला लागलीय असं डॉक्टरांनी सांगितल्यावर घ्यायला लागलो. त्यांना एक केळं आणि नारळपाणी चालतं का विचारून घ्या, गोळीने पोटॅशियम उतरतं.

नेत्रपल्लवी | ११ जुलै, संध्याकाळी ६:००

किडनी ठीक असेल तरच हं. आणि इथून पुढचं नीट वाचा : साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात दोरा सुटेल. तो सुटताना कळतो असं नाही, पण त्या सुमारास अचानक धूसर दिसणं, डोळा जड वाटणं, कडेला काळी कमान दिसणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. तोवर वजन उचलणं, खाली वाकणं, जोर लावून शौचाला बसणं बंद.

कोयनाकाठ | ३० जुलै, सकाळी १०:००

काल चाळिसावा दिवस. पहाटे बाबा उठले आणि म्हणाले, "डोळ्यातला खिळा काढल्यागत वाटतंय." एवढं बोलून चहा प्यायले. तासाभराने म्हणाले, भिंतीवरचं कॅलेंडर पाण्यातून दिसतंय. लगेच निघालो. दाब ५.

३४ वरून ५! डॉक्टर म्हणाले दोरा सुटला. मागच्या पडद्याखाली थोडं पाणी साचलंय, बाहुली मोठी करायचे ड्रॉप दिलेत, दर दोन दिवसांनी बोलावलंय. डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ झाला तर जेल भरावं लागेल म्हणाले, अजून तसं नाही.

पाना_पक्कड | ३० जुलै, सकाळी १०:४५

बायपास सुरू झाला! पापुद्रा अजून नवा आहे म्हणून जास्त सोडतोय बहुतेक. जमेल सगळं.

तिरकस तात्या | ३० जुलै, दुपारी १२:१०

काकांना लवकर आराम पडो. तूप पोळीवरच घेतोय.

कोयनाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ८:३०

दाब ५, ६, ६, ८, आज ११. पडद्याखालचं पाणी जवळजवळ ओसरलं. डायमॉक्स बंद! आईने उरलेली पाकिटं मोजून कपाटात टाकली, बाबांच्या खिशाला हात लावायची गरज उरली नाही.

भावाने फोन करून "बरं झालं" म्हटलं. स्वस्त-महाग विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

वाटसरू_२२ | ३ सप्टेंबर, रात्री ११:५०

उशिरा येतोय. आईला मधुमेह, डोळ्यात नवीन रक्तवाहिन्या येऊन दाब ४५. आम्हालाही इम्प्लांट सुचवलंय. पुढे एमआरआय करायला चालतो का? आणि इथे 'आय-स्टेंट' का सुचवत नाहीत, ते तर मिलिमीटरभरच असतं म्हणे, मोतीबिंदूसोबत पाच मिनिटांत बसतं?

नेत्रपल्लवी | ४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

'आदी' पूर्ण सिलिकॉनची, धातू नाही, एमआरआयला अडचण नाही. तरी डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचं नाव लिहून घ्या, तिथला तंत्रज्ञ विचारतोच.

आय-स्टेंट टायटॅनियमचा, तो तुंबलेल्या जाळीतून थेट आतल्या कालव्यात वाट करतो. सौम्य ते मध्यम काचबिंदूसाठी ठीक. तुमच्या आईच्या डोळ्यात त्याच जाळीवर रक्तवाहिन्यांचं जाळं चढलेलं असणार, तिथे त्याचा उपयोग नाही. आधी डोळ्यात इंजेक्शन देऊन आणि पडद्यावर लेझर करून त्या वाहिन्या सुकवाव्या लागतील, मग नळी. लहान आहे म्हणून चांगलं असंही समजू नका. 'सायपास' नावाचं असंच एक छोटं उपकरण २०१८ मध्ये कंपनीनेच बाजारातून परत घेतलं, कारण काही वर्षांनी डोळ्याच्या पुढच्या काचेच्या (कॉर्नियाच्या) पेशी जास्त कमी होताना दिसल्या.

४५ असेल तर धाग्यावर वेळ घालवू नका, आजच दाखवा.

वाटसरू_२२ | ४ सप्टेंबर, सकाळी ७:४०

निघतोय. धन्यवाद.

कोयनाकाठ | ९ ऑक्टोबर, रात्री ९:००

शेवटचा वृत्तांत. दाब १३, एकच ड्रॉप. चष्म्याचा नंबर बदलला. काल फील्ड टेस्ट (नजरेच्या आवाक्याची तपासणी) झाली. ते यंत्रात हनुवटी ठेवून ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं ना, ते. बाबांना ती परीक्षा वाटते, दर वेळी बाहेर येऊन विचारतात "किती चुकले?" मागच्या वर्षीचा कागद आणि कालचा कागद शेजारी ठेवले. काळा भाग होता तेवढाच आहे, वाढलेला नाही.

बाबा म्हणाले, "म्हणजे एवढा खर्च करून होतं तेवढंच दिसतंय." मग थोड्या वेळाने, "बरंय."

रात्री वाटी लावून झोपतात. पापणी उचलून टॉर्चने बघायचं काम माझ्या मुलीने घेतलंय, ती रोज "नळी प्रेझेंट" असं ओरडून सांगते.

लेकुरवाळी | ९ ऑक्टोबर, रात्री ९:२५

तिला सांग, पांढरट मऊ दिसलं तर प्रेझेंट. चकचकीत दिसलं तर तुला उठवायचं, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. आणि फील्डचे ते दोन्ही कागद तारीख टाकून फाइलला लाव. ती शाई उडते, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेव.